काचमणी शिकायला निघालेल्यांनी राखेचे मडके पाहून यावे

महोदय,

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा हणजूणच्या बुधवारच्या बाजारात हातच्या काचमण्यांची माळ घेणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते. माळ घरी आणली तेव्हा धड होती, आठ-दहा दिवसांनी त्यातला एक मणी आपोआप दुभंगला. पडला नाही, आपटला नाही, डब्यात ठेवल्या जागी फुटला. विकणारा सांगतो, काच आहे, फुटायचीच. हे खरे नाही. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला १९४५ साली पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खनन केले. तिथे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे काचमणी मातीतून निघाले, तेही मोहरीएवढे बारीक, भोकासकट शाबूत. मणी फुटतो तो काचेचा म्हणून नव्हे, नीट निववला नाही म्हणून.

हे लिहिण्याचे कारण असे की, बर्नर विकत घेऊन काचमणी करू पाहणारी मुलेमुली आज गोव्यात आहेत. त्यांतल्या काहींना परंपरेने हे काम करणाऱ्यांकडे जाऊन शिकायचे असते, आणि पहिले नाव निघते ते व्हेनिसचे. तिथे जरूर जावे. पण खर्च मोठा, दिवस थोडे, आणि काय बघायचे हे ठाऊक नसेल तर माणूस चार रंगीत मणी आणि शंभर फोटो घेऊन परततो, गोव्यात बर्नर पेटवतो आणि मणी पुन्हा तडकतो. कुठे काय शिकण्यासारखे आहे आणि कोणत्या क्रमाने जावे, ते इथे मांडत आहोत.

आधी तडक्याचे कारण. तापलेला मणी उघड्या हवेत निवू लागला की बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला गाभा अजून मऊच असतो. गाभा मागाहून आकसायला बघतो, तोवर बाहेरच्या कवचाने त्याला आवळून धरलेले असते. ती ओढाताण मण्यात कायमची कोंडून राहते. मग एखादा बारीक ओरखडा, दुपारचे ऊन, गार पाण्याचा थेंब, एवढेही पुरते. यावर उपाय एकच. मणी जिथे ना मऊ ना घट्ट अशा अवस्थेत असतो त्या तापमानाला त्याला पुरेसा वेळ धरून ठेवायचे आणि मग सावकाश खाली आणायचे. याला कारखान्यात ॲनिलिंग म्हणतात, आपण निववणे म्हणू. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या मऊ काचेसाठी भट्टी ५१० ते ५२० अंश सेल्सिअसवर धरतात. शेवटचा मणी आत गेल्यावर तासभर तेच तापमान ठेवायचे, नंतर तासाला ५० ते ६० अंश या बेताने ३७० पर्यंत उतरवायचे, म्हणजे या उतरणीलाच अडीच-तीन तास लागतात. पुढे वीज बंद करून दार न उघडता रात्रभर राहू द्यायचे. मणी २० मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर हे सगळे वेळ दुप्पट धरावेत.

गरम राखेत किंवा व्हर्मिक्युलाइट या हलक्या खनिजाच्या चुऱ्यात मणी पुरणे ही याची जुनी आणि स्वस्त सोय आहे. पण तिची मर्यादा ओळखून वागावे. राख ताण काढून टाकत नाही, फक्त कमी भरू देते. १० मिलिमीटरच्या आतले साधे मणी त्यावर निभावतात. त्यापुढचे, किंवा वर ठिपके-उठाव असलेले मणी राखेतून काढून नंतर भट्टीत घालावेच लागतात. तसे घालताना भट्टी गार हवी आणि तासाला १५० अंशांपेक्षा घाईने वर नेऊ नये.

आता प्रवास. पहिला मुक्काम उत्तर प्रदेशात, हाथरस जिल्ह्यातले पुर्दिलनगर. सिकंदरा राऊजवळचे हे गाव काचमण्यांसाठीच ओळखले जाते. गोव्याहून मडगावला मंगला एक्स्प्रेस पकडली की आग्र्याला उतरता येते, पुढचा प्रवास रस्त्याने. इथे बघायचे ते भट्टीवरचे गुंडाळकाम. भट्टीतून लोखंडी सळीच्या टोकावर वितळलेली काच उचलायची, मातीचा हात दिलेल्या दुसऱ्या निमुळत्या सळीवर तिचा धागा गुंडाळायचा, फिरवत फिरवत गोल करायचा आणि घट्ट होऊ लागताच सळीवरून सोडवायचा. सळी निमुळती, म्हणून भोकही एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद होते. जुना गुंडाळलेला मणी ओळखायची ही एक खूण. दुसरी खूण दहापट भिंगातून दिसते. काचेतले बुडबुडे आणि रेषा भोकाभोवती वळसा घालत असतील तर मणी गुंडाळलेला, भोकाच्या दिशेने लांब ओढलेल्या असतील तर नळी ओढून कापलेला, आणि कडेने एक सरळ शिवण दिसली तर साच्यात दाबलेला. आपल्या घरातल्या पोतीचे काळे मणीही असे पाहता येतात, मात्र बुडबुडा दिसण्यासाठी मागे जोराचा दिवा धरावा लागतो.

पुर्दिलनगरला गेलेल्याने सळी फिरवणाऱ्या हाताइतकेच लक्ष त्या हातातून सुटलेला मणी कुठे पडतो याकडे द्यावे. राखेचे मडके भट्टीपासून किती अंतरावर ठेवले आहे, त्याची बाजू हाताला किती गरम लागते, राख ताजी आहे की कालची, मणी किती वेळाने काढतात, मोठ्या मण्यांना वेगळे भांडे आहे का. हे वहीत लिहून घ्यावे. कारागीर हे आपणहून सांगत नाहीत, लपवायचे म्हणून नव्हे, तर त्यांच्या लेखी ते सांगण्याजोगे काहीच नसते. विचारले की सांगतात.

तिथून फिरोजाबाद जवळ आहे आणि एक दिवस तिथे काढावा. आपल्याकडे नवरीला भरतात त्या चुड्याच्या काचेच्या बांगड्या बहुतेक तिथूनच येतात. ताजमहालच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या निकालानंतर त्या पट्ट्यातल्या कोळशाच्या भट्ट्यांना नैसर्गिक वायूकडे वळावे लागले. मणी करणाऱ्याने तिथे बांगडीची ‘जुडाई’ बघावी. गुंडाळीतून कापून निघालेल्या बांगडीला सांधा नसतो. तो सांधा घरोघरी लहान ज्योतीवर दिला जातो. दोन टोके ज्योतीत किती आत धरायची, किती क्षण, आणि कोणत्या लालीला टेकवायची, हे बर्नरवर ठिपका लावणाऱ्याला नेमके हवे असलेले ज्ञान आहे. मात्र परत येताना तिथून बांगड्यांचे तुकडे किंवा काचेच्या कांड्या किलोच्या भावाने भरून आणल्या, तर त्या दुसऱ्या कुठल्याही काचेत मिसळण्याआधी तपासून घ्याव्यात. तपासायचे कसे, ते पुढे लिहिले आहे.

दुसरा मुक्काम दक्षिणेत. गोव्यातून तिरुपतीला जाणारे भाविक रेणिगुंट्यावरून जातात. तिथून फार लांब नसलेले पापनायडुपेट हे गाव, प्राचीन शिवलिंगासाठी प्रसिद्ध असलेल्या गुडीमल्लमच्या शेजारचे. अरिकमेडूला सापडले तसे बारीक, एकरंगी, ओढलेले मणी ज्या रीतीने होतात, ती ‘लाडा’ पद्धत अभ्यासकांनी या गावात पाहून नोंदवली. लाडा म्हणजे लांब लोखंडी नळी. तिच्या टोकावर काचेचा मोठा गोळा घ्यायचा, त्याला शंकूचा आकार द्यायचा, नळीतून सळई घालून गोळ्याच्या पोटात पोकळी करायची आणि भट्टीच्या समोरच्या तोंडातून शंकूचे टोक आकड्याने धरून काच बाहेर ओढायची. एकदा ओढ लागली की तासन्‌तास थांबता येत नाही. आतली पोकळी काचेबरोबर लांबत जाते आणि हातभर, वावभर काचेची बारीक नळीच निघत राहते, भोक आयतेच. ओढणाऱ्याचा वेग वाढला की नळी बारीक, मंदावला की जाड. यंत्र नाही, माप नाही, सगळे मनगटात.

पण खरी शिकण्याची गोष्ट त्यापुढची आहे. नळ्यांचे तुकडे करून जे कच्चे मणी मिळतात त्यांच्या कडा धारदार असतात. तसेच ओवले तर दोरा कापला जातो. म्हणून ते राखेत घोळवतात, राख भोकात शिरते, आणि मग भांड्यात घालून तापवत ढवळतात. कडा वितळून गोल होतात, पण भोकातल्या राखेमुळे भोक बुजत नाही आणि मणी एकमेकांना चिकटत नाहीत. राखेचा हा दुहेरी उपयोग ज्याने एकदा पाहिला, त्याला कडा का गोल हव्यात हे वेगळे सांगावे लागत नाही. गोव्यात विकले जाणारे अनेक हातचे मणी दोरा कापतात ते याचमुळे. त्यांच्या भोकाच्या तोंडाशी काचेचे टोक वर आलेले असते. चांगल्या गुंडाळलेल्या मण्याचे तोंड आत वळलेले, बेंबीसारखे दिसते. ते तसे यायला मणी पुरेसा भरीव करावा लागतो. सळीवर काच कमी घातली आणि लांब पसरली की टोके धारदारच राहतात.

पापनायडुपेटला भट्टी रोज चालू असेल असे धरून जाऊ नये. गावात आधी विचारपूस करूनच तिकीट काढावे.

या दोन ठिकाणांनंतर व्हेनिस. मुरानो बेटावर काचकाम एकवटले ते १२९१ मध्ये. लाकडी घरांच्या शहराला आगीचा धोका म्हणून भट्ट्या तिकडे हलवायचा हुकूम निघाला होता. तिथल्या ज्योतीवरच्या मण्यांना ‘पेर्ले आ लूमे’, म्हणजे दिव्यावरचे मणी, म्हणतात. पूर्वी तेलाचा दिवा आणि पायाने चालवायचा भाता असे. ‘रोझेत्ता’ नावाचा निळा-पांढरा-तांबडा ताऱ्याचा मणी पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिथेच जन्मला आणि त्याचे श्रेय मारिएत्ता बारोव्हिएर या स्त्रीला दिले जाते. थरावर थर चढवलेली काच ताऱ्याच्या साच्यात दाबायची, पुन्हा थर, पुन्हा साचा, मग लांब कांडी ओढायची, तुकडे कापायचे आणि टोके घासून उतरवायची, म्हणजे आतला तारा उघडा पडतो. मणी ओवणाऱ्या बायकांना तिथे ‘इम्पिरारेस्से’ म्हणत. त्या हातात पंख्यासारख्या धरलेल्या लांब सुयांचा झुपका मण्यांच्या ताटात चालवून एका वेळी अनेक सर भरत. अबोलीच्या फाती गुंफणाऱ्या आपल्या बायकांची बोटे हे काम सहज उचलतील. २०२० च्या डिसेंबरात युनेस्कोने इटली आणि फ्रान्सच्या काचमणी कलेची नोंद मानवी अमूर्त वारशाच्या यादीत केली, तेव्हापासून या कलेकडे लोकांचे लक्ष अधिक गेले आहे.

मुरानोला शिकण्यासारखी पहिली गोष्ट शिस्तीची आहे, नक्षी त्यानंतर. तिथला माणूस मणी कसा करतो ते पाहा. पोलादी सळी, जाडी साधारण २.४ मिलिमीटर, तिच्यावर चिनी माती आणि ॲल्युमिनाचा लेप, ५ ते ७ सेंटिमीटर लांबीचा, पूर्ण वाळलेला. काचेची कांडी लांबून, ज्योतीच्या शेंड्यापासून पुढे वीतभर अंतरावर फिरवत आधी कोमट करायची. थेट ज्योतीत घातली तर तिचे टोक फट्‌दिशी उडते आणि तुकडा अंगावर येतो. टोकाला वाटाण्याएवढा गोळा जमला की सळीवरचा लेप मंद लाल होईतो तापवायचा, मग काच टेकवायची आणि सळी एकाच दिशेने फिरवत गुंडाळायची. लेप गार असेल तर काच चिकटत नाही, सरकते. दाबून लावली तर लेप सुटतो. लेप सुटला की मणी सळीवर गरगर फिरू लागतो, आणि काच उघड्या लोखंडाला भिडली तर तो मणी निघतच नाही, फोडावा लागतो.

१२ मिलिमीटरच्या गोल मण्याला ६ मिलिमीटर जाडीच्या कांडीचे सुमारे ३ सेंटिमीटर लागतात आणि तो दोन ग्रॅमच्या थोडा वर भरतो. अशा जाडीच्या मीटरभर कांड्या किलोला चौदाच्या आसपास बसतात. विमानात किती वजन आणायचे, ते या हिशेबाने आधी ठरवावे. कोणते रंग आणायचे, हेही. काळी कांडी मुरानोची असेल तर बारीक धागा ओढल्यावर ती जांभळी दिसते, म्हणून काळ्या बारीक रेघांसाठी ती कामाची नाही. फिरोजी रंगात तांबे असते. ज्योतीत प्राणवायू कमी पडला की ते पृष्ठभागावर येऊन मण्यावर विटकरी डाग पडतो. नवशिका त्याला कांडीचा दोष समजतो. दोष ज्योतीचा असतो.

आता काच जुळते की नाही ते तपासण्याची रीत. प्रत्येक काच तापल्यावर ठरावीक प्रमाणात फुगते आणि निवताना तेवढीच आकसते. मुरानोच्या मऊ काचेचा हा अंक १०४ धरतात, प्रयोगशाळेतल्या बोरोसिलिकेटचा ३३, बाटलीच्या काचेचा ९० च्या आगेमागे. दोन वेगळ्या अंकांची काच एका मण्यात आली की कितीही निववा, तडा जाणारच. अंक माहीत नसेल तर दोन्ही कांड्यांची टोके शेजारी शेजारी वितळवून जोडा, एकजीव न ढवळता त्यांचा वीतभर बारीक धागा ओढा आणि निवू द्या. धागा सरळ राहिला तर जमते. धनुष्यासारखा वाकला तर नाही, आणि वाकाच्या आतल्या बाजूला आहे ती काच जास्त आकसणारी. या चाचणीला दोन मिनिटे लागतात. फिरोजाबादचे तुकडे, जुन्या बांगड्या, कुणी भेट दिलेल्या कांड्या, सगळे याच गाळणीतून गेले पाहिजे.

फुटलेला मणी फेकून देऊ नये, तो वाचावा. तडा ठिपक्याच्या किंवा रंगाच्या कडेने गेला असेल तर काच जुळलेली नव्हती. मणी मधोमध आडवा तुटला असेल तर एक टोक ज्योतीत असताना दुसरे गार पडले होते; लांब मण्यांत हे हमखास होते, म्हणून दर थोड्या वेळाने मणी सबंध ज्योतीतून फिरवावा. तडा भोकापासून सुरू झाला असेल तर लेप पातळ होता किंवा मणी जोर लावून सळीवरून ओढला; आधी पाण्यात भिजवायला हवा होता. आणि काहीही न करता दिवसांनी फुटला, तर तो निववलाच नव्हता. पारदर्शक मण्यातला ताण फुटण्याआधीही दिसतो. मोबाइल किंवा लॅपटॉपचा पांढरा पडदा उजळ करा, त्यापुढे मणी धरा आणि पोलराइज्ड गॉगलच्या काचेतून पाहत गॉगल फिरवत पडदा काळा करा. काळ्या पडद्यावर मणीही काळाच राहिला तर ठीक. त्यात उजेडाचे पट्टे किंवा फुलीसारखी चमक दिसली तर ताण आहे, पुन्हा भट्टीत घाला. अपारदर्शक मण्याला ही युक्ती लागू पडत नाही.

ज्यांना बर्नर, सिलिंडर यांचा खर्च आणि धोका नको, त्यांनी घानामधल्या क्रोबो लोकांच्या पद्धतीचा विचार करावा. ओदुमासे-क्रोबोच्या परिसरात फुटक्या बाटल्यांपासून मणी करतात. काच लोखंडी खलात कुटून चाळतात. मातीच्या साच्यातल्या खळग्यांना चिनी मातीचा हात देतात, खळग्याच्या मधोमध टॅपिओकाच्या, म्हणजे ज्या कंदाचा साबुदाणा करतात त्याच्या, पानाचे देठ उभे करतात आणि भोवती काचेची पूड भरतात. भट्टीत पूड वितळून मणी होतो आणि देठ जळून भोक उरते. नंतर दगडावर वाळू-पाण्याने घासून कडा मोडतात. आपल्या किनाऱ्यावरच्या शॅकमागे आणि बारमागे बाटल्यांचे जे ढीग साचतात, ते पाहता ही पद्धत गोव्यात रुजावी असे मनापासून वाटते.

तिच्यात चुकते ते असे. पूड फार बारीक झाली तर तिच्यात हवा कोंडते आणि मणी दुधाळ होतो. जाडसर, साखरेच्या दाण्याएवढी ठेवली तर स्वच्छ दिसतो. वितळताना पूड खाली बसते, म्हणून खळगा शिगोशीग भरावा. खलाचे लोखंड पुडीत उतरते आणि मण्यावर काळे ठिपके येतात, त्यासाठी पुडीतून लोहचुंबक दोन-तीनदा फिरवावे. एका मण्यात एकाच बाटलीची काच घालावी, हिरवी आणि पांढरी मिसळू नये. पूड एकत्र व्हायला साधारण ७५० ते ८५० अंश लागतात आणि अशी काच निववायची ती ५४० ते ५५० अंशांवर, मुरानोच्या आकड्याने नव्हे. कुटताना काच ओली ठेवावी आणि नाकावर चांगला मास्क लावावा. ही धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. हाच नियम मण्याच्या भोकातला सुका लेप खरवडतानाही पाळावा, भोक नेहमी पाण्याखाली धरूनच साफ करावे.

काहींना वाटते की शेजारी सिंधुदुर्गात कासार्ड्याला सिलिका वाळू निघते, तेव्हा काच आपणच का करू नये. नुसती वाळू १७०० अंशांच्या पुढे वितळते. सोडा आणि चुना घालूनही चांगली काच व्हायला १४०० ते १५०० अंशांची भट्टी लागते, ती घरगुती नव्हे. मणी करणाऱ्याने तयार काचेवरच काम करावे.

गोव्यात परतल्यावर ज्या अडचणी येतात त्या वर सांगितलेल्या कुठल्याही गावात दिसणार नाहीत, म्हणून त्या इथेच लिहितो. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा इतकी ओली असते की सळीवरचा लेप एका रात्रीत वाळत नाही. वरून कोरडा दिसतो, ज्योतीत गेला की आतली वाफ त्याचे पापुद्रे उडवते. पावसाळ्यात सळ्या भट्टीच्या उबेवर किंवा ज्योतीच्या खूप पुढे धरून सावकाश सुकवाव्यात. समुद्राकाठच्या घरात लोखंडी सळ्या गंजतात आणि गंजावर लेप धरत नाही. सळ्या न गंजणाऱ्या पोलादाच्या घ्याव्यात, लेप देण्याआधी घासून कोरड्या कराव्यात. सोडा जास्त असलेल्या स्वस्त काचेला आपल्या दमट हवेत घाम येतो, मणी चिकट होतात, पुढे पांढुरका थर चढतो. असे मणी बंद लाकडी पेटीत ठेवू नयेत. धुऊन, कोरडे करून वारा लागेल असे ठेवावेत.

गॅसबद्दल थोडे. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरणे बेकायदा आहे, व्यावसायिक १९ किलोचा घ्यावा आणि उभाच ठेवावा. गळलेला एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, तेव्हा खिडकी उघडी असून भागत नाही, खालून वारा खेळता हवा. प्राणवायूच्या जोडाला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये, ते पेट घेते. दोन्ही नळ्यांवर ज्योत मागे येऊ न देणारी झडप हवी. सोडियमच्या पिवळ्या झळाळीतून काम दिसावे म्हणून डिडिमियमचा चष्मा लागतो. साध्या काळ्या गॉगलने ज्योतही मंद होते आणि मणीही, उपयोग काही नाही.

यातली सगळ्यात महाग वस्तू बर्नर नव्हे, तापमान-नियंत्रक असलेली भट्टी. नवशिक्या ती टाळतो आणि म्हणूनच त्याचा माल बाजारात फुटतो. प्रत्येकाने भट्टी घ्यावी असेही नाही. राखेत निववलेले मणी आठवडाभर साठवून सगळ्यांनी एकत्र भट्टीत घालता येतात. तेव्हा हस्तकला प्रशिक्षणाशी संबंध असलेल्या सरकारी खात्यांना आमची विनंती अशी आहे: काचमण्यांचा वर्ग जिथे कुठे सुरू कराल, तिथे बर्नर दोन कमी घ्या, पण एक सामाईक भट्टी ठेवा. डिचोलीला कुंभारकामामुळे भट्टीची सवय असलेली माणसे आहेत, तिथे ती ठेवली तर सांभाळली जाईल. दोन किलोवॅटच्या आसपासची लहान विद्युत भट्टी स्वतंत्र वायरिंगच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालते. जुळणी के-प्रकारच्या थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेची, हवी आणि त्याचे टोक मण्यांच्या पातळीला, छपराशी नव्हे, नाहीतर आकडा एक आणि मण्याला मिळणारी उष्णता दुसरी.

एका फेरीत एकाच जातीची काच घालावी. म्हणजे आठवड्यातली एक रात्र १०४ च्या मण्यांची, एक रात्र बाटलीच्या काचेची, आणि कोणाचे मणी कोणत्या ताटलीत याची वही भट्टीशेजारीच टांगलेली. शिकायला बाहेर पाठवाल त्यांना प्रवासखर्चाबरोबर एवढेच काम द्या: जिथे जाल तिथल्या निववण्याची वेळ, तापमान किंवा मडक्याचे अंतर त्या वहीत उतरवून आणा.

आपले नम्र,
काचमणी काम करणारे काही कारागीर
बार्देश व डिचोली, गोवा